कोळणीचे डोळे

२ डिसेंबर १९६१. पेणहून ट्रकमधून पेंढ्यात गुंडाळून आलेले सात पुतळे उतरवून घ्यायचे होते. अलिबागच्या बाजारात, एस.टी. स्टँडपासून समुद्रापर्यंत, ते ओळीने उभे करायचे. आलेला पाहुणा इथली माणसे बघत बघत चालत जाईल, अशी गाव सजवायला नेमलेल्या आमच्या समितीची कल्पना. पुढाऱ्यांचे पुतळे म्हटले असते तर पहिला कोणाचा यातच वर्ष गेले असते. म्हणून मिठागरातला आगरी, टांगेवाला, नारळ उतरवणारा, कोळीण वगैरे. चिटणीस मी, त्यामुळे हमालांशी भांडणेही माझ्याकडेच.

पुतळ्यांबरोबर भिकूअण्णा आले. जन्मभर गणपती केलेला माणूस. डोळे आखेपर्यंत मूर्तीशी अरे-तुरे करायचे, "सरळ बस की रे," आणि डोळे आखले की हात जोडून "या, देवा." या सिमेंटच्या माणसांचे डोळेही त्यांनी पुतळे उभे केल्यावरच आखायला घेतले. "आधी आखले तर सगळी वाट धूळ बघत येतील," म्हणाले.

कोळीण मासळीबाजाराच्या तोंडाशी उभी राहिली. चेहरा जानकीचा. ती तिथेच बसून मासळी विकायची आणि अण्णा तिला चार दिवस निरखून गेले होते. डोळे आखून झाले, आणि दुसऱ्याच सकाळी पुतळ्याच्या कपाळाला कुंकू, पायाशी फोडलेला नारळ. समोरच्या दुकानदाराने जानकीला बजावले, "देवीपुढे मासळी नको. पलीकडे जा." पलीकडे गटार, तिथे गिऱ्हाईक फिरकत नाही. समितीतले म्हणाले, लोकांची भावना आहे, राहू द्या.

जानकीने माझ्या दारात टोपली आपटली. "बाय, मना बघून पुतली केली, नि आता मनाच उठवतान. बसू कुठं मी?"

मी अण्णांना घेऊन गेले. त्यांनी पुतळ्याचे डोळे समोरून, मग बाजूने बघितले. "चूक या दुकानदाराची नाही, बाई, माझी आहे. पन्नास वर्षं देवाचे डोळे आखले, हात तिकडेच गेला. देव सगळ्यांकडे सारखा बघतो. कोळीण समोरच्याच्या खिशाकडे बघते."

दुकानदार म्हणाला, "डोळ्यांना हात लावाल तर पाप लागेल."

"डोळे मीच दिलेत. पापही मीच घेतो."

"आणि कुंकू?"

"ते राहू दे. तिचा नवरा धडधाकट आहे."

मग त्यांनी रंग कालवला, जानकीला टोपली घेऊन समोर बसवले आणि मला म्हणाले, "भाव पाडा."

मी सुरमई उचलली. "अर्ध्यात दे."

"अर्ध्यात शेपूट मिलंल," जानकी म्हणाली आणि तिने एक डोळा बारीक करून मला खालपासून वर न्याहाळले. अण्णांनी तेवढ्यात ते टिपले. डोळे पुरे झाले. आम्ही "या, देवा"ची वाट बघत होतो. अण्णा कुंचला पुसत म्हणाले, "जानके, सरक जरा. बहिणीला उभं राहायला जागा दे."

अण्णा आता नाहीत. एखादे काम बिघडले की मी दुसऱ्याला बोलण्याआधी माझा हात सवयीने कुठे गेला ते बघते. हे त्यांच्याकडून घेतलेले.

डोळे बदलले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी घेऊन बाजारात गेले होते. जानकी आपल्या जागेवर होती. पुतळ्याच्या हातात तिने स्वतःची छत्री अडकवली होती. मी पुन्हा सुरमईचा भाव पाडून बघितला. दोघींनी एकदम माझ्याकडे बघितले. जानकी मागेल ते मी दिले.