स्वतःहून पाठ टेकताना

वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मी आर्मबार हा ज्युदोतला हाताचा डाव शिकले. म्हणजे तो कसा लागतो हे स्वतःच्या हातावर शिकले. तुम्ही दोघं नातवंडं तिकडे हसाल, म्हणून क्रमानेच सांगते.

आमच्या शेजारची मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचे वडील तरुणपणी जत्रेतल्या कुस्त्या खेळायचे आणि लेकीलाही त्यांनी लहानपणीच तालमीत उतरवलं. कॉलेजात गेल्यावर ती ज्युदोकडे वळली. विद्यापीठाच्या संघाची निवड पंधरा दिवसांवर आली होती. या खेपेला निवड झाली नाही तर खेळ बंद आणि स्थळं बघायची, असं घरात ठरलेलं.

तिची अडचण एकच होती. समोरचीला ती सहज खाली पाडायची, हातही पकडायची, पण तिथून लागणारा आर्मबार मात्र दर वेळी निसटायचा. एका सकाळी ती मोबाईल घेऊन आली.

"बाई, ह्यो माणूस इंग्रजीत काय सांगून राहिला, तेवढं समजावून द्या."

मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, पण हाडामासाचं असं इंग्रजी कधी ऐकलं नव्हतं. वही काढली आणि व्हिडिओ थांबवत थांबवत सहा पायऱ्या लिहिल्या. समोरची पाठीवर पडलेली असली पाहिजे. तिचा हात दोन्ही हातांनी आपल्या छातीशी धरायचा. आपला एक पाय तिच्या छातीवरून, दुसरा तोंडावरून टाकायचा. तिचा अंगठा वर. आपले गुडघे जवळ. मग मागे पडायचं आणि कंबर उचलायची. कोपर उलट्या बाजूला वळत नाही, सगळा डाव एवढ्यावरच चालतो.

ओसरीत चार गाद्या घातल्या. आधी लोडावर करून पाहिलं, पण लोडाला कोपर नसतं. शेवटी मीच आडवी झाले.

"काही झालं तर तुमची नातवंडं मला फोनवरून शिव्या घालतील!"

"हळू कर. दुखायच्या आत मी गादीवर दोनदा थाप मारीन, की सोडायचं."

तिने हात धरला, पाय टाकले. मी छताच्या पंख्याकडे बघत वाट पाहत होते. काहीच होईना.

"सहावी पायरी राहिली," मी म्हटलं.

"केली की, बाई."

"कुठे? बसली आहेस तू."

तिसऱ्या वेळेला मी मान वळवून नीट पाहिलं. तिने एक तळहात मागे गादीवर टेकवला होता आणि पाठ ताठ ठेवली होती.

"मागे का पडत नाहीस?"

ती हळूच म्हणाली, "पाठ लागंल ना."

मला तेव्हा कुठे उलगडलं. कुस्तीत पाठ मातीला लागली की खेळ संपला. लहानपणी तालमीतून घरी आली की वडील तिला वळून उभं राहायला लावायचे. पाठीला माती नसली तरच शाबासकी मिळायची. ज्युदोत स्वतःहून पाठ टेकली तर हार होत नाही, हा नवा नियम डोक्याला माहीत होता, पण पाठ जुनाच पाळत होती. शरीराची अशी वेगळी स्मरणशक्ती असते, याचं मला फार नवल वाटलं.

मग आर्मबार बाजूला ठेवला आणि नुसतं मागे पडायचं, रोज सकाळी तीस वेळा. आधी ती ऐन वेळी कुशीवर वळायची. पाचव्या दिवशी सरळ पडली. त्यानंतर माझ्या हातावर डाव लावला तेव्हा कोपरात काहीतरी विलक्षण जाणवलं. ते दुखणं नव्हतं, दुखण्याच्या जरा अलीकडचं काहीतरी होतं. ते काय आहे याचा विचार करता करता मी थाप मारायचीच विसरले. तिनेच घाबरून हात सोडला.

एकदा ती मागे पडत असताना नेमके तिचे वडील आले.

"काहून गं? पोरगी चीत होऊन राहिली, अन् बाई खूश!"

मी नियम समजावला. ते ऐकून निघून गेले.

निवडीच्या दिवशी मात्र ते माझ्याशेजारी येऊन बसले. शेवटची लढत जी जिंकेल ती संघात, असा मामला होता. आमच्या मुलीने समोरचीला पाडलं, हात धरला, पाय टाकले. आणि तिथेच अडकली. जुन्या सवयीने तिचा स्वतःचा एक हात मागे मॅटकडे जायला लागला.

वडील ताडकन उठले. "टेकव! पाठ टेकव, पोरी!"

ती मागे पडली. पुढच्याच क्षणी समोरचीने मॅटवर दोनदा थाप मारली आणि पंचाने आमच्या मुलीचा हात वर केला.

ते खाली बसले, रुमालाने चेहरा पुसला आणि आसपासच्या बाकांवर नजर फिरवली. तिथे त्यांच्या तालमीतले दोघे जुने पैलवान बसले होते.

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "त्यांनी ऐकलं तर न्हाई ना?"

"सगळ्यांनी ऐकलं," मी म्हटलं.