तीन माईक आणि पाळण्याची कडी

ड्रमच्या पिशवीत हात घातला की तुटक्या काड्यांबरोबर एखादा किस्सा हाताला लागतोच. टाकून द्यावा म्हटलं तर टाकवत नाही, आणि सांगायला बसलं की चहा गार होतो. आमच्या पार्टीत माणसं तीनच. गायला माझे वडील, अप्पा. एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेले. साउंडला बशीरमामू, ज्यांच्या मंडपाखाली निम्म्या कळंबची लग्नं लागलीत. आणि ड्रमवर मी, रेखा. एरवी शाळेत चौथीचा वर्ग, सुट्टीत लग्नं, जयंत्या, जत्रा. बावीस वर्षं वाजवतेय, तरी लोक अजून विचारतात, "ड्रमवाला आला न्हाय का?" आधी मी भांडायचे. आता नुसत्या काड्या हातात घेते.

* * *

ह्या किस्स्याची सुरुवात पुण्यातल्या एका स्टुडिओत झाली. अप्पांनी आईवर एक गाणं लिहिलंय. आई जाऊन नऊ वर्षं झाली. तिसऱ्या कडव्यात तिचं नाव येतं, सुमन, आणि तिथं अप्पा थांबतात. किती थांबतील ते त्यांनाही सांगता येत नाही. कधी अर्धा श्वास, कधी दोन. मी काड्या वर धरून थांबते, ते निघाले की निघते. हे आम्ही कधी ठरवलेलं नाही.

ते रेकॉर्ड करायला गेलो, तर स्टुडिओवाल्यानं ड्रम कॉम्प्युटरवर लावला होता. अप्पा नावापाशी थांबले, कॉम्प्युटर थांबला नाही. काचेमागून आवाज आला, "काका, ताल चुकला. परत घेऊ." असं चार वेळा. पाचव्या वेळी अप्पांनी हेडफोन काढून ठेवला, चपला घातल्या आणि म्हणाले, "तुमच्या पेटीला घाई हाय. आमाला न्हाय."

मी म्हटलं, "ड्रम मी वाजवून पाठवते, घरून."

तो हसला. "मॅडम, खऱ्या ड्रमला हॉल लागतो, आठ माईक लागतात. घरी नाही होत ते. बघा, पुढच्या सोमवारपर्यंत पाठवा. नाहीतर आपला कॉम्प्युटर आहेच."

त्याचं ते 'आहेच' माझ्या डोक्यात गेलं. म्हणजे आईच्या नावावरून कॉम्प्युटर धाडधाड पुढं जाणार, आणि अप्पांनी त्याच्यामागं पळायचं. मेले तरी होऊ देणार नव्हते मी. परतीच्या गाडीत अप्पांनी बार्शीला शेंगा घेतल्या. मग म्हणाले, "आठ माईक? आमच्या गल्लीत सभेला येवढी माणसं येत न्हाईत."

* * *

दुसऱ्या दिवशी लातूरला गेले. दुकानदारानं मला बघून गुलाबी रंगाचा माईक काढला. "भजनी मंडळ का, ताई?"

"ड्रमसाठी पाहिजे. वरून टांगायला."

त्यानं गुलाबी माईक आत ठेवला आणि माझ्या मागं कोण पुरुष उभा आहे का ते बघितलं. कोणी नव्हतं. मी पर्समधून काड्या काढल्या, काउंटरवर रिकामी खोकी मांडली आणि म्हटलं, एकेक माईक लावा, मी वाजवते, मग ऐकवा. गिऱ्हाईकं जमली. पहिला माईक सगळं गोड करून सांगत होता. दुसरा चिरकत होता. तिसरा जसं झालं तसं सांगत होता. तो बांधा म्हटलं.

दुकानदाराचा अजून विकायला जीव होईना. "ताई, एकदा मिस्टरांना दाखवून घ्या. नंतर बदलून मिळत न्हाय."

"मिस्टर तरी कुठं बदलून मिळतेत? त्यांना घेताना मी कुणाला दाखवलं होतं?"

पिशवी त्यानं फुकट दिली.

* * *

बशीरमामूंकडं माईकची एक पत्र्याची पेटी आहे. त्यात कंपनीची नावं केव्हाच पुसून गेलीत. मामूंनी प्रत्येक माईकला पट्टी चिकटवून त्याचं काम लिहून ठेवलंय. 'मंगलाष्टक'. 'पंगत'. 'भाषण'. कुठला माईक कुणासमोर टिकतो ते मामूंना डॉक्टरला पेशंट ठाऊक असावा तसं ठाऊक.

मी सांगितलं, "मामू, एक पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमसाठी द्या आणि एक स्नेअरसाठी, म्हंजे तो मधला कडक वाजणारा."

"स्नेअरला पंगतीचा ने. 'वाढा, वाढा, जिलबी वाढा' ऐकून तयार झालाय. कडक आवाजाला भीत न्हाय."

मग त्यांनी 'भाषण' काढला. जाळी चेपलेली, रंग उडालेला. फुंकर मारली, सदऱ्याला पुसला. "हे मोठ्या ड्रमला. ह्याला तोंडाशी धरून एक पुढारी तीन तास बोलला होता. टाळ्या न्हाईत, पाणी न्हाय, लोकं उठून गेले, ह्यो बिचारा जागेवर. लई सोसलंय ह्यानं. तुझ्या लाथा काय जड जाणार?"

तीन माईक झाले. अप्पांचा गायचा माईक वेगळा. तो ते उशाला घेऊन झोपतात, त्याला कुणी हात लावायचा नाही.

* * *

तिसरा माईक टांगायला स्टँड नव्हता. अप्पांच्या माजघरात आढ्याला एक कडी आहे, पाळण्याची. मी त्याच पाळण्यात वाढले. आईच्या हातात दोरी आणि वर ती कडी कर्र, कर्र. त्या कडीला दोरी बांधून माईक बरोबर ड्रमच्या डोक्यावर सोडला. जरा हलला की कडी अजून तशीच वाजायची. मामू तेलाची बाटली घेऊन स्टुलावर चढले, तर अप्पा म्हणाले, "उतरा खाली. ऱ्हाऊ द्या." मामू उतरले.

तेवढ्यात शेजारच्या कमलकाकू दारात आल्या. कडीला नवी दोरी, खाली आवाज घुमू नये म्हणून गाद्या अंथरलेल्या, मी घामानं डबडबून बसलेली. काकूंनी पदर तोंडाला लावला. "रेखा! आगं बया, ह्या वयात? आन कुणाला काय पत्ता न्हाय?"

मी एक्केचाळीस वर्षांची आहे. थोरली बारावीला.

"व्हय काकू," म्हटलं, "लोखंडाचं हाय. रडत न्हाय, नुसतं ऐकतंय."

काकू आत येऊन बघून गेल्या. तरी संध्याकाळी चार जणींनी मला डिंकाचे लाडू विचारले.

* * *

रविवारी रेकॉर्डिंग. सकाळीच दिगूतात्या आले. हलगीवर माझा हात त्यांनी बसवला, त्यामुळं त्यांना बोलवायचंच होतं. त्यांनी प्रत्येक ड्रमवर बोट मारून बघितलं. एकापाशी थांबले. "ह्यो ढिल्ला बोलतोय गं."

"बघते तात्या, चहा टाकून येते."

चहा उकळतोय तोवर अंगणातून वास आला. पळत गेले. तात्यांनी कडबा पेटवला होता, आणि हलगी शेकतात तसा ड्रम त्या जाळावर धरला होता. वरचं पान पापडासारखं आकसून मधे भोक पडलं होतं.

तात्यांचा चेहरा बघवेना. "कातडं न्हाय व्हय हे?"

"प्लास्टिक हाय, तात्या."

त्यांनी त्या भोकात बोट घालून बघितलं. मग म्हणाले, "मंग येवढी वर्सं त्यातनं आवाज कसा काढलास?"

बावीस वर्षांत मला एवढी शाबासकी कुणी दिली नव्हती. तो ड्रम बाजूला ठेवला. रविवारी नवं पान कुठून आणणार? उरलेल्यांवर वाजवायचं ठरलं. तात्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले आणि दुपारपर्यंत एकाही भोंगेवाल्याला आत येऊ दिलं नाही. एका भंगारवाल्याला तर चहा पाजून परत पाठवला.

* * *

पंखा बंद. खिडक्यांना मामूंच्या मंडपाची कापडं. अप्पा स्वयंपाकघरात दार लावून गाणार, मला कानात त्यांचा आवाज, मामू लॅपटॉपपाशी. उन्हाळ्यातलं कळंब, पत्र्याखालचं माजघर. दहा वेळा काही ना काही बिघडलं. कधी माझी काडी निसटली, कधी शेजारच्या कुकरची शिट्टी. भीती वाटायला लागली होती. म्हटलं, आज जमलं नाही तर उद्या तो कॉम्प्युटर सुरू करील, आणि आपण बावीस वर्षं काय केलं मग?

अकराव्यांदा तिसरं कडवं आलं. अप्पांनी नाव घेतलं आणि थांबले. मी काड्या वर धरल्या. त्या दिवशी थांबले तितके ते कधीच थांबले नव्हते. दंडाला रग लागली, डोळ्यांत घाम गेला, मामूंनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी हलले नाही. मग स्वयंपाकघरातून श्वास ऐकू आला. अप्पा निघाले, मीही निघाले.

* * *

सोमवारी ड्रम आणि अप्पांचं गाणं, दोन्ही पाठवलं. मंगळवारी सकाळी स्टुडिओवाल्याचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. अप्पा, मामू, तात्या सगळे अंगणात होते.

"मॅडम, ड्रम चांगला आलाय. कुठले आठ माईक वापरले?"

"तीन. भाषण, पंगत आणि एक लातूरचा."

तो म्हणाला, "बरं. एकच आहे, तिसऱ्या कडव्यात ड्रम गप्प होतो. मोठी जागा रिकामी आहे. तिथं आम्ही काहीतरी भरू का?"

"न्हाय," मी म्हटलं. "एक ठोका बी न्हाय."

"ठीक आहे, तुमची मर्जी. पण त्या जागेत मागं काहीतरी कुरकुरतंय. कडी हलल्यासारखं, दोनदा. सगळं शांत आहे ना, म्हणून नीट ऐकू येतं. तेवढं मी साफ करून टाकतो."

अप्पा खुर्चीवरून उठले. माझ्या हातातून फोन घेतला आणि तोंडापाशी धरला.

"त्याला हात लावायचा न्हाय," ते म्हणाले. "पायजे तर माझा आवाज कमी करा."