मामंजींना दिसणारा पिवळा

आमच्या मामंजींनी आयुष्यभर लोकांची घरं रंगवली. सासूबाई म्हणतात, "मला बघायला आले तेव्हाही आधी भिंतींकडे बघितलं, मग माझ्याकडे." गेल्या वर्षापासून मामंजींची नजर अधू होत चालली आहे. लाल, हिरवा, निळा, सगळ्याची राख झाली. पिवळा तेवढा अजून ओळखू येतो. डॉक्टरांनी हात टेकले. मामंजींनी तक्रार केली नाही, फक्त मागच्या अंगणातली आपली खुर्ची आत आणून ठेवली. म्हणाले, "बाहेर बघण्यासारखं काय उरलंय?"

ते मला फार लागलं. जपाला बसले तरी डोळ्यांपुढे ती खुर्चीच यायची. शेवटी देवाचं नाव घेऊन ठरवलं, यंदा सगळी फुलं पिवळीच लावायची आणि ती मामंजींनीच निवडायची. खुर्ची पुन्हा बाहेर गेली पाहिजे.

रोपवाटिकेत त्यांनी माळ्याला पुरता घाम फोडला. एकेक फूल नाकाला टेकेल इतकं जवळ धरायचे. "ह्यात पांढरा जास्त पडलाय." शेवंती बाद. "हा उन्हात उडणार." गुलाब बाद.

माळ्याने हात जोडले. "काका, फूल आहे हो, डिस्टेंपर नाही!"

"म्हणूनच म्हणतो! ह्याला दुसरा हात कुठे मारता येतो?"

अखेर झेंडू आणि बुटकी सूर्यफुलं पसंत पडली.

झेंडू आधी फुलला, अगदी भरभरून. मी खुर्ची बाहेर मांडली, मामंजींना हाताला धरून आणलं. ते बराच वेळ टक लावून बसले. मग हळूच म्हणाले, "कुठेत गं फुलं?"

फुलं तर समोर, भिंतीलगत ओळीने उभी!

ते उठले, चाचपडत वाफ्यापाशी जाऊन वाकले. "आहेत की!" मागे सरकले. "गेली." पुन्हा पुढे, पुन्हा मागे. मग भिंतीवरून हात फिरवला आणि खो खो हसायलाच लागले.

"सूनबाई, ही भिंत कोणी रंगवली?"

"तुम्हीच."

"रंग कोणता?"

"क्रीम."

"क्रीमवर पिवळा! नवशिक्यालासुद्धा हाकलला असता मी. गडद निळा आणायला सांग तुझ्या नवऱ्याला."

रविवारी आमचे हे शिडीवर आणि मामंजी खाली स्टुलावर. हाताला लागेल तेवढी भिंत ते स्वतः रंगवत होते आणि वरच्याचे वाभाडे काढत होते.

"अरे, ब्रश मारतोयस की माश्या?"

"बाबा, तुम्हाला दिसत तर नाही!"

"ऐकू येतंय ना!"

भिंत वाळली. मामंजी खुर्चीत बसले आणि बोट दाखवून झेंडू मोजायला लागले. सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "एवढ्या प्रेमाने कधी माझ्याकडे पाहिलं नाही हो!"

आज पहिलं सूर्यफूल उमललं. कुठल्याही झाडाचं पहिलं फूल देवाचं, हा माझा नेम. परडी घेऊन गेले, तर मामंजी आधीच येऊन बसलेले.

"सूनबाई, थाळीएवढं आहे गं!"

माझा हात तिथेच थांबला. सासूबाई दारातून म्हणाल्या, "राहू दे. देवाची नजर शाबूत आहे, तो लांबूनही बघेल."

मी परडीत झेंडू भरले आणि देवापाशी जाऊन अंगणाकडची खिडकी सताड उघडली.