नऊ तर नऊ

कुणी लहान मुलाचा गालगुच्चा घेतला, की मावशी उठायच्या आणि त्या माणसाचा गालगुच्चा घ्यायच्या. तोही चांगला पिळून. वर विचारायच्या, "कसं वाटलं?" बँकेतल्या एका बड्या साहेबांचा गाल संध्याकाळपर्यंत लाल होता. तुमच्या ओळखीत असं एखादं माणूस असेलच. नसेल तर शोधा.

मावशी अलिबागच्या बेने इस्राएल. धर्माने ज्यू, पण भांडायच्या अस्सल मराठीत. नवरा गेल्यावर टोकियोत ओजिमाला मुलाकडे राहायला आल्या आणि माझ्या शेजारीण झाल्या. इमारतीच्या तळमजल्यावरच्या सभागृहात दर शनिवारी आसपासची ज्यू मंडळी प्रार्थनेला जमायची. बहुतेक ठाण्या-मुंबईकडचे इंजिनियर आणि बँकवाले. नंतर जेवण असायचं. माझा प्रार्थनेशी संबंध नव्हता, मावशींच्या नारळाच्या दुधातल्या मच्छीशी मात्र घट्ट होता.

मुलांवर त्यांचं राज्य. जपानी त्यांना एकच शब्द येत होता, "यादा!" म्हणजे "नको!" तो त्या मुलांकडून ओरडून म्हणवून घ्यायच्या.

"गुदगुल्या नको वाटल्या तर?"

"यादा!"

"आईला सांगू नकोस, असं कुणी म्हणालं तर?"

"यादा!"

मग कार्टी वांग्याच्या भाजीलाही यादा म्हणायची आणि आया मावशींवर चिडायच्या. "आज वांग्यावर सराव होऊ दे," मावशी म्हणायच्या, "वेळ आली की माणसाला म्हणतील."

त्यांची दुसरी खोड म्हणजे जोडे बघणं. इथे खोलीबाहेर जोडे काढतात. बंद दाराबाहेर एक मोठा आणि एक छोटा, असे दोनच जोड दिसले, की मावशी मटाराच्या शेंगा घेऊन थेट आत. "चालू द्या तुमचं, मी सोलत बसते." रविवारी मुलांना हिब्रू शिकवणारे काका याला भारी वैतागायचे. काका विद्वान, गोड गळ्याचे, सगळे त्यांना मानायचे.

"माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?" त्यांनी एकदा विचारलंच.

"तुमचं कशाला, माझ्या मुलालाही हाच नियम आहे. तो तर पोटचा."

एका रविवारी मावशी अशाच आत शिरल्या, तर आठ वर्षांची एक मुलगी कोपऱ्यात रडवेली उभी. काकांनी तिला मांडीवर ओढलं होतं आणि हे आपलं गुपित, असं बजावलं होतं. ती "यादा" ओरडून सुटली होती. मावशींनी शेंगा खाली ठेवल्या. "शाब्बास. तुझं काहीसुद्धा चुकलं नाही," एवढंच म्हणाल्या आणि तिला आईकडे घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडळींची बैठक बसली. त्यांच्या प्रार्थनेला किमान दहा पुरुष लागतात, आणि काका धरून बरोबर दहा होते.

"वर्ग बंद करू, समज देऊ," एक जण म्हणाला. "काकांना काढलं तर नऊच उरतील."

"नऊ तर नऊ," मावशी म्हणाल्या.

"पण बाहेर बोभाटा कशाला?"

"तो मी सकाळीच करून आले."

मुलीच्या आईला घेऊन त्या मुलांसाठीच्या सरकारी कचेरीत जाऊन आल्या होत्या. दुभाषी मी होते. तिथल्या बाई वाकल्या म्हणून मावशी त्यांच्याहून खाली वाकल्या, आणि मग मला दोघींना सरळ करावं लागलं.

काकांना यायला बंदी झाली. दहा जणांशिवाय न होणाऱ्या प्रार्थना थांबल्या. लोक मावशींशी तुटक वागू लागले, मच्छी मात्र मागून मागून खात राहिले.

त्यातच मावशींच्या नवऱ्याची पुण्यतिथी आली. गेलेल्या माणसासाठीची प्रार्थनाही दहा पुरुषांशिवाय म्हणत नाहीत. मावशी ठेवणीतली साडी नेसून बसल्या. नऊ जण आले, बराच वेळ थांबले. काकांना आजच्यापुरतं बोलवायचं का, असं कुणीतरी हळूच विचारलं. मावशींनी त्याच्याकडे असं बघितलं, की तो बूट शोधायला लागला. हळूहळू सगळेच गेले, मावशींचा मुलगा त्यांना स्टेशनपर्यंत पोचवायला गेला. राहिलो आम्ही दोघी, ती मुलगी आणि तिची आई.

मला फार वाईट वाटलं. म्हटलं, "मावशी, काकांसाठीची प्रार्थना राहिली... म्हणजे तुमच्या यजमानांसाठीची."

"थांबतील गं. जन्मभर माझं आवरेपर्यंत दारात थांबलेत ते." त्यांनी पदराने डोळे टिपले आणि त्या मुलीकडे वळल्या.

"केस विसकटलेत तुझे. वेणी घालू?"

मुलीने जरा विचार केला. मग त्यांच्याकडे पाठ करून बसली.