शिकवायला की शिकायला

आमच्या समोरच्या दारातल्या नर्सबाईंना मी 'सायरन' म्हणते. तोंडावर म्हणते, त्याही हसतात. अत्यवस्थ रुग्ण एका हॉस्पिटलातून दुसऱ्यात हलवायचा असला की अँब्युलन्समध्ये त्याच्याजवळ या बसतात, डॉक्टर फोनवर. घरी मात्र बाई इतक्या मुकाट, की त्यांच्यापेक्षा फ्रीज जास्त बोलतो. आवाजाचं खातं त्यांच्या सासूबाईंकडे.

मध्यंतरी त्यांची गाडीवरची ड्यूटी थांबली. रोज सकाळी साध्या कपड्यांत निघू लागल्या. सासूबाईंनी विचारलं तर म्हणाल्या, ट्रेनिंग असतं. झालं! सून नव्या नर्सना ट्रेनिंग देते, ही बातमी संध्याकाळच्या आत गच्चीपर्यंत पोचली. एवढी अनुभवी बाई ट्रेनिंगला जाते म्हणजे द्यायलाच जाणार, असा आम्हा सगळ्यांचा समज. मीही जिन्यात 'मॅडम, आमची तोंडी परीक्षा कधी?' म्हणून छळून घेतलं. त्या खाली मान घालून चप्पल शोधायच्या. मला वाटलं, विनय.

एका रविवारी एक गृहस्थ फळांची करंडी घेऊन आले. त्यांच्या वडिलांना बाईंनी गाडीतून नेलं होतं. साखर मागायच्या निमित्तानं मी अर्थातच तिथे हजर. वाटेत वडिलांचं बीपी पार खाली गेलं, तेव्हा सिस्टरनी डॉक्टरांना फोनही न करता शिरेतून पंपानं चाललेलं औषध वाढवलं आणि आकडा वर आला, असं ते भारावून सांगत होते.

सासूबाई फुलून गेल्या. "अहो, हेच तर शिकवते ती पोरींना."

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. "नाही हो, आई. मी शिकवत नाही. मला शिकायला बसवलंय."

मग अडखळत सांगू लागल्या. औषध कुठवर वाढवायचं, याची मर्यादा नर्सला आखून दिलेली असते. त्यापुढे डॉक्टरांना विचारल्याशिवाय जायचं नाही. फोन हाताशी होता, रेंज होती. आपल्याला सगळं कळतं या गुर्मीत त्यांनी तो लावला नाही. बीपी चढलं, पण हृदयाचे ठोके भरकटले. ते ताळ्यावर आणताना पुढच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना घाम फुटला. चूक बाईंनी स्वतःच जाऊन कळवली. आता पूर्वी त्यांनीच तयार केलेल्या मुलींच्या शेजारी बसून रबरी पुतळ्यावर पहिल्यापासून सराव.

"तुमचे वडील माझ्यामुळे नाही वाचले," त्या गृहस्थांना म्हणाल्या. "माझ्या चुकीतून वाचले."

गृहस्थ करंडी न्यावी की ठेवावी या पेचात पडले. शेवटी ठेवून गेले.

सासूबाईंनी एवढंच विचारलं, "मग मला का बोलू दिलंस गं?"

"ऐकायला बरं वाटायचं, आई."

सासूबाईंनी सुनेचा हात धरला आणि थेट जिन्यात. दारोदार बेल वाजवायची, स्वतः बाजूला उभं राहायचं, तिला खरं काय ते सांगायला लावायचं. वरचे मास्तर समजुतीनं 'असू द्या' म्हणाले, तर त्यांनाच दटावलं, असू कसं द्या, नीट ऐकून घ्या.

शेवटी माझं दार. मी म्हटलं, अगं, माझ्यासमोरच तर झालं, राहू दे. बाईंचे कान लाल झाले होते, तरी त्या थांबल्या नाहीत.

"मला शिकायला बसवलंय, वहिनी," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही चेष्टा करायचात तेव्हा मी गप्प बसले."