सरलाभाभीचे शॉकअप

सरलाभाभीनं मला दारात पाहिलं आणि हातातली गाडी माझ्या पायाशी आपटली. रिमोटवर चालणारी, जाड रबरी टायरांची हातभर बग्गी, डोक्याच्या उंचीवरून थेट फरशीवर. गाडी दबली, तिचं पोट फरशीला टेकलं आणि ती पुन्हा चाकांवर उभी राहिली.

"उचल. फुटली का?"

"नाही."

"मंग बोल, काय काम हाय."

वाळूउपशाविरुद्धचं पत्रक चिकटवायचं होतं. शहागडला हायवेवर तिचं ट्रकच्या स्पेअर पार्टचं दुकान. नदीतून वाळू भरून निघालेला प्रत्येक हायवा ट्रक तिच्या शटरसमोरून जायचा. तिनं पत्रक वाचलं. "निषेध, निषेध, निषेध. एकदा मारला तर लागत न्हाई का रे, पत्रकवाल्या?" मग स्वतःच खळ लावून ते शटरवर चिकटवलं.

भाभीचं घराणं मूळचं राजस्थानचं, पण ती शिव्या अस्सल इथल्याच द्यायची. बग्ग्यांचं वेड तिच्या नवऱ्याचं. तो गेल्यावर दुकान आलं तसा रिमोटही तिच्या हातात आला. रविवारी गोदावरीच्या कोरड्या पात्रात शर्यत लागे. शर्यत कसली, मारामारीच. गाड्या एकमेकींवर चढत, दगडावर आपटून उलटत, चाकं तुटून उडत. भाभी दुसऱ्याची गाडी मुद्दाम कडेला रेटायची आणि ओरडायची, "खा माती."

आमच्याकडे सगळे ट्रकवाले. माल वाढला की स्प्रिंगेत एक पाटा वाढवायचा, एवढं त्यांना ठाऊक. त्यामुळे बग्गीलाही सगळ्यांना कडक स्प्रिंग हवी असे. अंकुशनगरला ऊस वाहणारे बाबूराव असेच. सगळ्यात कडक स्प्रिंग बसवून आले, पहिल्याच उंचवट्यावर गाडी चेंडूसारखी उडाली आणि खडकावर डोक्यावर पडली. भाभीनं तुकडे गोळा करून त्यांच्या पदरात, म्हणजे टोपीत टाकले.

"बाबूराव, ही काय उसाची ट्रॉली हाय का? स्प्रिंग मार परत करते. तो मार गिळायला आत तेल लागतं." तिनं एक शॉकअप त्यांच्या हातात दिला. "अंगठ्यानं दाबा. सोडल्यावर ताडकन उडाला, तर फेका. दाबलेलाच राह्यला, तरी फेका. हळू, पण पुरा वर येतो, तो बराबर."

उन्हाळ्यात तेल पातळ होतं म्हणून ती जाड तेल भरायची. एकेक शॉकअप दाबायची, कानाशी धरायची. आत हवा राहिली असेल तर चुळचुळ आवाज येतो. आला की तेल ओतून पुन्हा भरायची, शिव्या देत.

मग वाळू उपसणारे पोकलेन आमच्या शर्यतीच्या जागेवरच उतरले. माणूस गडप होईल असे खड्डे पडले. आमच्यातल्या गणेशनं चित्रण करायला मोबाईल काढला, तर ठेकेदाराच्या चौघांनी त्याचा हात हायवाच्या फाळक्यावर धरला आणि पान्हा घातला. त्याची बोटं अजून मिटत नाहीत. तक्रार द्यायला गेलो तर आम्हालाच विचारलं, पुरावा कुठाय?

भाभी म्हणाली, "माणसाचा हात मोडतो. गाडी पाठवू."

पहिल्यांदा बाबूरावांची बग्गी पाठवली, मोबाईल बांधून. कडक स्प्रिंगा. चित्र इतकं हललं की नंबरप्लेट म्हणजे नुसत्या पांढऱ्या रेघा. भाभीनं ते पाहिलं आणि बाबूरावांकडे पाहिलं. मग सगळ्यात मऊ स्प्रिंगा काढल्या, सगळ्यात जाड तेल काढलं आणि एकेक शॉकअप भरून दाबत बसली. अर्धे शॉकअप तिनं भिंतीवर भिरकावले. चार ठेवले.

रविवारी दुपारी आम्ही बाभळीआड पालथे पडलो. तिची बग्गी टायरांच्या चरांतून खड्ड्यात उतरली, जणू सारवलेल्या अंगणातून चाललीय. नंबर आले, पोकलेन आलं, खुर्ची टाकून बसलेला ठेकेदारही आला. त्याच्या दातांतली काडीसुद्धा दिसत होती. ते चित्रण आम्ही तक्रारीला जोडलं, गावभर दाखवलं. हायवे चालूच राहिला, पण वाळूचे हायवा बंद झाले.

ठेकेदाराची माणसं भरदुपारी आली, लोखंडी गज घेऊन. मी आणि बाबूराव दुकानातच होतो. आधी काच गेली, मग काउंटर. एकानं बग्गी जमिनीवर टाकून तिच्यावर गज घातला. भाभीनं जॅकची दांडी उचलली आणि त्याच्या मनगटावर मारली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मला दोघांनी भिंतीशी दाबून धरलं होतं. बाबूराव कोपऱ्यात खाली बसले होते, डोक्यावर हात घेऊन. तेवढ्यात मागून तिच्या डोक्यात गज बसला. ती लगेच पडली नाही. काउंटर धरून म्हणाली, "मागून मारून राह्यला. पुढं ये की."

मग पडली. जालन्याच्या दवाखान्यात गेली, परत आली नाही.

पोलिसांनी कागदावर काय लिहिलं? शिडीवरून पडून मृत्यू. हे छापतोय, वाचून ठेवा: सरलाभाभी शिडीवरून पडली नाही. तिच्या दुकानात शिडी नव्हती. ती वरचा माल खाली पाडून काढायची, काठीनं. हे सगळ्या बाजाराला माहीत आहे. सगळा बाजार त्या दिवशी जेवायला गेला होता म्हणे.

आमची पोरं हायवा पेटवायला निघाली होती. बाबूराव मात्र गप्प. त्यांच्या घरी माणसं जाऊन धमकावून आली होती. माझ्या एकट्याची साक्ष कुणी धरेना, आणि त्यांना साक्षीला विचारलं की खाली बघायचे. मी त्यांच्या तोंडावर म्हणालो, "बाबूराव, भाभीनं तुम्हाला फेकून दिलं असतं."

काल मी मोडलेलं दुकान आवरत होतो, तर बाबूराव आले. काउंटरखालून चेपलेली बग्गी ओढली. वरचं सगळं चिरडलेलं, मागचा एक शॉकअप तेवढा शाबूत. त्यांनी तो अंगठ्यानं पूर्ण दाबला, सोडला आणि बघत राहिले. तो वर यायला वेळ लागला.

पुरा वर आल्यावर बाबूरावांनी टोपी घातली.

"चल," म्हणाले, "माझं नाव लिहून घे. मी दुकानातच होतो, आन् मी पाह्यलं."