एकलीला 'तुम्ही'
माझे वडील डहाणू स्टेशनवर गाड्यांचे रूळ बदलून देणारे सांधेवाले होते. फलाट झाडणाऱ्यालाही ते 'तुम्ही' म्हणत. येशूने शिष्यांचे पाय धुतले, आपल्याला निदान जीभ तरी धुता येते, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांच्याकडून 'तुम्ही' शिकले खरी, पण ते द्यायचं सोडून मागत सुटले.

पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. तलासरीच्या डोंगराकडच्या एका उपकेंद्रात मी नर्स होते. बुधवारी गरोदर बायकांची तपासणी असे. वारली बोलीत मान द्यायचं वेगळं 'तुम्ही' नाही. पाटील असो की कलेक्टर, सगळे 'तू'. हे मला ठाऊक होतं. तरीही एका बुधवारी तालुक्याहून आलेले डॉक्टर शेजारी बसलेले असताना एक म्हातारी सुनेला पुढे करून म्हणाली, "ए बाय, तू इला बघ, पाय सुजलेत," आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"आधी 'तुम्ही' म्हणायला शिक, मग सुनेला आण."

म्हातारीने इकडेतिकडे पाहिलं, सुनेचा हात धरला आणि गेली. सुनेला आठवा महिना होता. सुजलेल्या पायांमागे वाढलेलं प्रेशर असू शकतं आणि त्यात आई-मूल दोघांचा जीव जाऊ शकतो, हे मी परीक्षेत लिहून पास झाले होते.

पुढच्या बुधवारी त्या आल्या नाहीत. संध्याकाळी प्रार्थनेला बसले आणि "प्रभू, तू" एवढंच म्हणून थांबले. देवाला मी लहानपणापासून अरेतुरे करत आले होते, आणि त्याने एकदाही मला दारातून परत पाठवलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. सकाळी जायचं, माफी मागायची आणि सुनेला घेऊनच उतरायचं, असं ठरवलं.

पाडा दोन तासांच्या चढावर. म्हातारी अंगणात नागली पाखडत होती. मला पाहून तिला आनंदच झाला. मग ती माझ्या पाठीमागे वाकून बघू लागली.

"दुसरी बाय कुठं हाय?"

"कोणती दुसरी?"

"तू तं एकलीच. एकलीला 'तुम्ही' कसं म्हनू? मला वाटलं, दुसरी बाय येल तवाच सुनेला बघशील. म्हनून थांबली."

म्हणजे अपमान तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. मला हायसं वाटलं. तेवढ्यात दारात उभ्या असलेल्या सुनेकडे लक्ष गेलं. ती आश्रमशाळेत चौथीपर्यंत शिकलेली. तिची नजरच सांगत होती, तिला सगळं कळलं होतं, आणि सासूला वाईट वाटू नये म्हणून ती आठवडाभर गप्प राहिली होती.

मी तिच्यापुढे हात जोडले. "माझं चुकलं. आता चल."

"तिला 'तू' म्हणू द्याल का तुम्ही?" तिने शाळेतल्या मराठीत विचारलं. मागितलेलं 'तुम्ही' मला मिळालं, आणि ते थपडेसारखं बसलं.

"तिलाही आणि तुलाही," मी म्हणाले.

ती आली. प्रेशर वाढलेलंच होतं. जीप मिळवून तिला डहाणूच्या सरकारी दवाखान्यात नेलं, बाळंत होईपर्यंत मी तिथून हलले नाही. मुलगी झाली. दोघी वाचल्या. पण सून मला 'तुम्ही'च म्हणत राहिली. मुलीला पोलिओचा डोस पाजून घ्यायला आली की "तुम्ही", मी पाड्यावर गेले की "तुम्ही बसा". तिचा राग रास्त होता. मीही चिवट. दर पंधरा दिवसांनी चढ चढायची, सासूशेजारी बसून नागलीची भाकर खायची. माफी एकदा मागून भागत नाही, हे मला त्या चढाने शिकवलं.

मुलगी नऊ महिन्यांची झाली, गोवराची सुई द्यायची होती. सुई दिसताच तिने भोकाड पसरलं. सून तिला छातीशी घट्ट धरून म्हणाली, "बाय, हळू टोच हां तू."

मी सुई बाजूला ठेवली, डोळे पुसले, पुन्हा हात धुतले. मग हळू टोचली.